भागूआत्या कुठं गेली

सुलक्षणाबाईंना टीव्हीवर बघायला त्या रविवारी संध्याकाळी निम्मं तळेगाव ढमढेरे सोसायटीच्या आवारात लोटलं होतं. त्यांचे यजमान बापूसाहेब सोसायटीचे माजी चेअरमन. क्रिकेटच्या फायनलला भाड्यानं आणतात तसला मोठा पडदा त्यांनी आणवला होता, सतरंज्या टाकल्या होत्या, पोरासोरांना भेळ वाटली होती. बाजाराच्या चौकात तर आठवडाभर फ्लेक्स झळकत होता. नऊवारी लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, कमरेवर हात, आणि खाली मोठ्या अक्षरात, आपल्या गावच्या सुलक्षणाताई भागूआत्याच्या भूमिकेत. बाईंनी तो फ्लेक्स काढायला सांगितलं होतं. बापूसाहेबांनी ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर बाईंनी दुसऱ्यांदा सांगितलंही नाही.

मालिका सुरू झाली. निळ्या धुक्यातून एक डोंगर वर आला. डोंगराच्या टोकावर एक देखणा तरुण उभा, वाऱ्यानं केस उडताहेत. भारदस्त आवाज म्हणाला, "हा सारंग. या जगात त्याचं कुणीही नाही."

पहिल्या रांगेत बसलेल्या सुलक्षणाबाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

ही मालिका ज्या पुस्तकावरून केली होती ते 'निळ्या दऱ्यांचा मुलूख' त्यांनी शाळेत असताना पहिल्यांदा वाचलं, आणि त्यानंतर किती वेळा याचा हिशेब नाही. गोष्ट अशी होती. एका गावातली सगळी पोरं एका सकाळी उठतात ती मुकी होऊन. दऱ्यांपलीकडच्या राक्षसानं त्यांचे आवाज गिळलेले असतात. सारंग हा त्यातलाच एक मुका पोरगा. आवाज परत आणायला तो पहाटे गुपचूप घराबाहेर पडतो, तर उंबऱ्यात त्याची भागूआत्या दात घासत बसलेली. ती विचारते, कुठं निघालास. त्याला सांगता येत नाही. मग ती आरडाओरडा करून सगळं घर उठवते आणि सगळं घरच त्याच्याबरोबर निघतं. आई, बाप, विसराळू आजोबा, त्याच्या हातवाऱ्यांचा अर्थ लावणारी थोरली बहीण, आणि नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या घरी राहणारी, जिभेनं तिखट अशी ही आत्या. शेवटी राक्षसाला हरवते तीच. राक्षस तिचा आवाज गिळायला तोंड उघडतो, पण ती त्याला इतकं धडाधड बोलते, त्याच्या अस्वच्छ गुहेपासून त्याच्या आईबापापर्यंत सगळं काढते, की त्याला गिळता गिळता ठसका लागतो आणि पोटातले सगळे आवाज बाहेर पडतात.

सुलक्षणाबाई लग्नाआधी शिरूरला कॉलेजात होत्या तेव्हा एकांकिका करायच्या. लग्नानंतर ते सुटलं. पुढं त्यांनी शेताच्या कडेला नर्सरी टाकली आणि टोमॅटो, मिरची, कोबीची रोपं विकण्यात पंचविशीची पन्नाशी झाली. मालिकेसाठी गावाकडची माणसं हवीत असं कळलं तेव्हा त्यांनी कुणाला न सांगता फोनवर व्हिडिओ करून पाठवला. आत्याचं राक्षसाशी भांडण त्यांना तोंडपाठ होतंच. निवड झाली. दौंडजवळ भीमेच्या काठानं भर उन्हात चित्रीकरण झालं. राक्षसाच्या प्रसंगाला त्यांचं बोलणं संपल्यावर लाइट धरणारी पोरंसुद्धा हसत होती. दिग्दर्शक इंद्रजीत स्वतः उठून आला आणि म्हणाला, मॅडम, या मालिकेचा जीव तुम्ही आहात.

आणि आता पडद्यावर सारंग एकटाच चालला होता. मुकासुद्धा नव्हता तो. चांगला खर्जात बोलत होता.

पहिला भाग संपला. बापूसाहेबांनी उठून मोठ्यांदा सांगितलं की भागूआत्या पुढच्या रविवारी येईल, आधी नुसती ओळख हाय. पुढच्या रविवारी गर्दी निम्मी झाली, तिसऱ्या रविवारी सतरंजीवर घरचीच माणसं उरली. चौथ्या रविवारी बाईंनी ते घरातच बघितलं. सारंग राक्षसाच्या गुहेत शिरला, त्यानं चमकणारी तलवार काढली आणि राक्षसाचं मुंडकं उडवलं. पोटातल्या आवाजांचं काय झालं ते कुणी सांगितलंच नाही. आई, बाप, आजोबा, बहीण, आत्या, कुणीच कुठंच नव्हतं. पुसून टाकलं होतं सगळं घर.

बाईंनी टीव्ही बंद केला.

गावानं आपल्या परीनं अर्थ लावला. कुणी म्हणालं, गर्दीत उभं केलं आसंल, बाईंनीच मोठं करून सांगितलं. कुणी म्हणालं, काम जमलं नसंल म्हणून कापलं. बाजारात भाजीवाल्या बायका सहज विचारल्यासारखं विचारायच्या, भागूआत्या कुठं गेली वो वैनी. त्यात कुचेष्टा किती आणि खरीखुरी चौकशी किती, ते ओळखता येत नसे. फ्लेक्स मात्र तसाच होता. बापूसाहेबांना तो आता काढवेना, कारण काढला तर हार मानल्यासारखं.

बापूसाहेबांचा संताप निराळा होता. त्यांची गावात शोभा झाली होती. त्यांनी दोन जीपा भरून माणसं चॅनेलच्या दारात नेऊन बसवायचा बेत केला, आमदारांच्या पीएला फोन लावला. सुलक्षणाबाईंनी ते थांबवलं.

"मला वगळलं म्हणून तुम्ही चिडलाय," त्या म्हणाल्या. "मी त्याच्यासाठी चिडले न्हाई."

"मग कशासाठी?"

"त्या पोराला अनाथ केलं त्यांनी. भरलं घर होतं त्याचं."

बापूसाहेब म्हणाले, "पोरगं खोटंच हाय की, सुलक्षणा." आणि बाहेर निघून गेले.

त्या रात्री बाईंना स्वतःचाच संशय येत राहिला. आपण पडद्यावर दिसलो असतो आणि नुसता आजोबा कापला असता, तर आपण एवढ्या पेटलो असतो का? उत्तर त्यांना आवडलं नाही. पण त्यानं राग कमी झाला नाही, उलट त्याला आणखी एक टोक फुटलं.

थोड्या दिवसांनी दौंडहून मीरासाहेबांचा फोन आला. मालिकेत आजोबा झाले होते ते हेच. रेल्वेतून रिटायर झालेले, तरुणपणी रेल्वेच्या नाटकांत गाजलेले. त्यांचंही काम असंच कापलं गेलं होतं. त्यांनी सांगितलं की दुसऱ्या पर्वाचं चित्रीकरण पुन्हा नदीकाठी लागलंय, इंद्रजीत आलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी नर्सरीतल्या साखरबाईला ट्रे भरायचं काम सांगितलं, गाडी काढली आणि न्हावरा, चौफुला करत दौंड गाठलं. मीरासाहेब रेल्वे पुलाजवळ उभेच होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता त्यांनी.

नदीकाठच्या सेटवर इंद्रजीतनं दोघांना बघून चहा मागवला, खुर्च्या मागवल्या. तो उर्मट असता तर बाईंना सोपं गेलं असतं. तो कळवळून बोलत होता. एडिटला बसल्यावर चॅनेलचं म्हणणं पडलं की माणसं फार झाली. प्रेक्षकाला एकच चेहरा लागतो. शिवाय घरची एवढी माणसं सोबत असली की नायकावर संकट आहे असं वाटतच नाही. नायक अनाथ असला की लोकांना लगेच भिडतो. त्यानं हेही सांगितलं की पुस्तक त्यानं लहानपणी वाचलंय आणि त्याला स्वतःला आत्याच सगळ्यात आवडायची.

सुलक्षणाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"ज्याला कुणीच न्हाई, त्याला भ्यायचं काय कारण?" त्या म्हणाल्या. "तो मेला तर एकटा मरंल. माझ्या सारंगला आजोबा हरवतील का याची भीती हाय, बहिणीचा पाय घसरंल याची हाय. संकट ते असतंय. तुम्ही त्याचं घर काढलं आन् हातात तलवार दिली. तलवार काय, कुणालाही देता येते."

इंद्रजीत म्हणाला, "मॅडम, तुमचं पटतंय मला. पण माझ्या हातात नव्हतं."

"आवडायची म्हणता आन् हातात नव्हतं म्हणता. मग आवडून काय केलं तुम्ही?"

बाजूला मेकअपची पोरगी डबा घेऊन उभी होती, तिनं मान खाली घातली. बाईंनी मागितलं ते एवढंच, की राक्षसाच्या भांडणाचं चित्रीकरण आम्हाला द्या, आमच्या गावाला दाखवू. ते करारात बसत नव्हतं. इंद्रजीतनं दुसरं काहीतरी पुढं केलं. दुसऱ्या पर्वात चेटकिणीच्या महालातली एक म्हातारी दासी होती, आणि एक द्वारपाल होता. दोघांना बोलायला काही नव्हतं, पण बऱ्याच भागांत दिसणार होते.

बाई उठल्या. त्यांनी नको म्हणायची तसदीही घेतली नाही. गाडीपाशी जाऊन मागं वळून बघतात तर मीरासाहेब अजून खुर्चीतच होते आणि इंद्रजीतचा माणूस त्यांच्या छातीला टेप लावून अंगरख्याचं माप घेत होता.

बाईंनी त्यांना पुलापर्यंत सोडलं. उतरताना मीरासाहेबच म्हणाले, "ताई, तुम्हाला राग येणार. येऊ द्या. तुमच्याकडं नर्सरी हाय, माणसं हायेत. मी रोज स्टेशनावर जाऊन बाकड्यावर बसतो. मला कुणीतरी सकाळी लवकर उठून ये म्हणलंय, बस."

"आजोबाला मारलं त्यांनी, मामा. तुम्ही त्यांच्याच दारात भाला घेऊन उभे राहणार."

"व्हय. उभा राहणार," मीरासाहेब म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले.

येताना चौफुल्याला बाईंनी गाडी बाजूला घेतली आणि थोडा वेळ नुसत्या बसून राहिल्या. चॅनेलवाल्यांपेक्षा त्यांना म्हाताऱ्याचा राग जास्त आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

तो राग निघाला साखरबाईपुढं. दुपारी शेडनेटखाली बायका ट्रेच्या खळग्यांत मिरचीचं एकेक बी टोबत होत्या. साखरबाईनं विचारलं, बाई, त्या आत्यानं केलं तरी काय होतं एवढं. मालिका सगळ्यांनी पाहिली होती, पुस्तक कुणीच वाचलं नव्हतं. सुलक्षणाबाई सांगायला लागल्या, आणि सांगता सांगता उभ्या राहिल्या, आणि पदर खोचून समोरच्या पाण्याच्या टाकीला राक्षस करून भांडायला लागल्या. तुझ्या दाराशी सडा न्हाई, तुझ्या चुलीत विस्तव न्हाई, लेकरांचे आवाज गिळतोस, तुला कुणी जेवायला वाढीत न्हाई व्हय रे. बायकांनी हातातलं बी खाली ठेवलं. साखरबाई हसून हसून ट्रेवर वाकली. मग हसणं थांबलं, कारण बाईंचा आवाज चिरकला होता आणि तरी त्या थांबत नव्हत्या. भांडण पुस्तकातलं संपलं होतं आणि पुढचं त्यांचं स्वतःचं होतं. इंद्रजीत, चॅनेल, फ्लेक्स, भेळ खाऊन गेलेलं गाव, सगळ्यांना त्यांनी त्या टाकीपाशी उभं केलं.

शेवटी साखरबाई म्हणाली, "हे टीव्हीत असतं तर आमी पुन्यांदा बघितलं असतं. त्या केसवाल्याला कोण बघतंय."

या गोष्टीचा आपणच खेळ करायचा, असं बाईंनी ठरवलं आणि तिथून पुढं मागं बघितलं नाही. पुस्तकाचे लेखक जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या पुण्यातल्या भाचीचा नंबर त्यांनी मिळवला. ती फोनवर आधी चॅनेलला चार शब्द बोलली आणि मग म्हणाली, खुशाल करा. बाईंनी अख्ख्या घराची गोष्ट एका तासात बसवली. चेहऱ्यावरचे भाव आणि आवाज बदलून आई, बाप, बहीण, आत्या सगळं त्या एकट्या करणार होत्या. अडत होतं फक्त राक्षसाशी. टाकी सगळीकडं नेता येत नाही.

एका सकाळी मीरासाहेब एसटीनं तळेगावात उतरले आणि नर्सरीत येऊन उभे राहिले. द्वारपालाचं काम झालं होतं. चांगलं झालं, ते म्हणाले, जेवण चांगलं होतं, पोरं काका काका करत होती. त्यांनी माफी मागितली नाही. खेळाचं कानावर आलंय म्हणाले, आणि नुसतं विचारलं की राक्षस कोण करतंय. बाईंनी त्यांना बराच वेळ तसंच उभं ठेवलं. मग साखरबाईला सांगितलं, मामांना खुर्ची दे.

खेळ तळेगावात करायचा नाही, हे बाईंनी ठरवून टाकलं. ज्या गावानं भेळ खाऊन शंका घेतली त्या गावाला आधी दाखवायचं नाही. बापूसाहेब त्यावर नाराज झाले, पण दौंडातलं मंगल कार्यालय त्यांनीच एका ओळखीच्या माणसाकडून बघून दिलं. जाहिरात फोनवरून फिरली. दोन दिवस आधी चॅनेलच्या कुणा वकिलाचा फोन आला. मालिकेतल्या पात्रांचा वापर केल्यास कारवाई होईल, असं तो म्हणाला.

बाईंनी त्याला पुरतं बोलू दिलं आणि विचारलं, "तुमच्या मालिकेत भागूआत्या कुठल्या भागात हाय, तेवढं सांगा."

त्याला माहीत नव्हतं. तो बघून कळवतो म्हणाला.

"बघा. सापडली तर मला पण कळवा. आन् न्हाई सापडली, तर जी तुमच्याकडं न्हाईच, ती मी तुमची चोरली कशी?"

त्याचा पुन्हा फोन आला नाही.

दौंडचा खेळ रविवारी संध्याकाळी, मालिकेच्याच वेळेला ठेवला होता. कार्यालय निम्मं भरलं. रेल्वेतली रिटायर माणसं मीरासाहेबांसाठी आली होती, काही शाळेची पोरं होती, साखरबाई तिच्या जावेला घेऊन आली होती, आणि बापूसाहेब शेवटच्या रांगेत, पाठ भिंतीला टेकून. मीरासाहेबांनी डोळ्यांत काजळ घातलं होतं आणि खांद्यावर काळं घोंगडं घेतलं होतं. बाई बोलत गेल्या तसा तो म्हातारा खरंच मोठा मोठा दिसत गेला, आणि शेवटी ठसका लागून खाली बसला तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं आपोआप ओरडायला लागली, जणू आवाज त्यांनाच परत मिळाले होते. बाईंना रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग, स्वच्छ, गार राग, की एवढं सगळं त्यांनी कात्रीनं कापून टाकलं.

टाळ्या झाल्या. लोक उठायला लागले. तेवढ्यात मधल्या रांगेतून एक बाई उभी राहिली. चाळिशीची असेल, हातात पिशवी. तिनं सांगितलं की तिचं नाव खुर्शिद, ती इथंच शिलाईचा क्लास घेते. बाईंना वाटलं कौतुक करणार. तिचा चेहरा कौतुकाचा नव्हता.

"तुमी गोविंदमामा कुठं ठेवला?" ती म्हणाली.

सुलक्षणाबाईंना क्षणभर कळलंच नाही.

"सारंगचा मामा. तो बी निघतो की त्यांच्याबरोबर. अंथरुणाचं वळकटं डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या मागं चालतो. बोलत न्हाई जास्त, म्हणून काढला व्हय? दर मुक्कामाला मागं वळून बघतो, सगळे आले का. आजोबा दोनदा हरवतात ते दोनदा त्यानंच शोधून आणलेत. तुमच्या खेळात आजोबा आपले आपणच परत आले." ती थांबली आणि पुन्हा सुरू झाली. टीव्हीवाल्यांनी सगळ्यांना काढलं तेव्हा तिला वाईट वाटलं होतं. पण त्यांना काय माहीत, असं म्हणून तिनं सोडून दिलं. आज ती मुद्दाम क्लास बंद ठेवून आली होती, कारण जाहिरातीत लिहिलं होतं, अख्खं घर.

सुलक्षणाबाईंचे कान तापले. ओठांवर पहिलं वाक्य आलं ते असं, की एका तासात एवढी माणसं मावत नाहीत. ते कुणाचं वाक्य आहे हे त्यांना ओळखू आलं आणि त्यांनी ते गिळलं. मावत नाही म्हणून त्यांनी मामाला काढला नव्हताच. इतक्या वेळा वाचूनही त्यांना तो आठवलाच नव्हता. चॅनेलनं निदान बाकीच्यांना निवडून तरी घेतलं होतं. गोविंदमामासाठी तर कुणाची परीक्षाही घेतली नव्हती, आणि ही गोष्ट आजवर एकाही माणसाच्या लक्षात आली नव्हती, त्यांच्याही नाही.

"तुमचं बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "माझी चूक झाली."

एवढ्यानं खुर्शिदचं समाधान झालं नाही. मीरासाहेबांनी पुढं होऊन सुचवलं की पुढच्या खेळाला तिनंच गोविंदमामा करावा, त्याला फारसं बोलायचं नसतं. ती फणकारली. फारसं बोलायचं नसतं म्हणूनच सगळे त्याला सोडून देतात, आणि आधी तो कुठं कुठं येतो ते तरी नीट बघा, असं म्हणून तिनं पिशवीतून पुस्तक काढलं. कव्हर गेलेलं, पाठीला कापडाची पट्टी शिवलेली.

कार्यालयाचा माणूस कुलूप हातात घेऊन दारात उभा होता. बापूसाहेब त्याच्याशी काहीतरी बोलले आणि तो बाहेर जाऊन पायरीवर बसला. सुलक्षणाबाईंनी दोन खुर्च्या ओढल्या. काजळ फिस्कटलेल्या डोळ्यांनी मीरासाहेब शेजारी येऊन बसले. खुर्शिदनं पहिलं पान उघडलं, बोट ठेवलं, आणि दोघांना शाळेतल्या पोरांसारखं दटावून म्हणाली, "इथं बघा. उंबऱ्यात आत्या बसलीय, आन् मागं परसात कोण उभं हाय?"